राखेचा कागद: वीज केंद्राच्या संमतीपत्रात काय वाचायचं

५०० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण भाराने चालला, की १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ८,४०० टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. मधला ३८ टक्क्यांचा आकडा घेतला तरी रोजची राख ३,२०० टनांच्या घरात जाते. हा फक्त एका संचाचा हिशोब. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात असे ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत, शिवाय २१० मेगावॅटचे दोन.

विदर्भात या राखेला राखड म्हणतात, परळी-एकलहऱ्याकडे नुसतीच राख, आणि सिमेंटवाल्यांच्या तोंडी फ्लाय ॲश. ती कुठे ठेवायची, कोणाला द्यायची आणि कोणाच्या परवानगीने, हे ठरवणारे चार-पाच वेगवेगळे कागद आहेत. प्रत्येक कागद वेगळ्या कार्यालयातून निघतो. पण सगळ्यांची खोड एकच: कागद राख टनांत मोजतो. राख मात्र त्रास देते ती पाण्यातून आणि वाऱ्यातून. टनांचा हिशोब शंभर टक्के जुळलेला असतानाही शेजारची विहीर नासू शकते. म्हणून कागद हातात आला, की किती टन यापेक्षा कुठे आणि कशी ठेवली, हे आधी शोधायचं.

कोरडी आणि ओली

बॉयलरच्या तळाशी पडते ती जाड राख, एकूण राखेच्या सुमारे २० टक्के. उरलेली ८० टक्के धुराबरोबर उडते. चिमणीच्या आधी ईएसपी नावाचं यंत्र असतं. विजेचा भार देऊन ते ही बारीक राख पत्र्यांवर ओढून घेतं आणि ठोके देऊन खालच्या हॉपरमध्ये पाडतं. धूर आधी ज्या कप्प्यांतून जातो तिथे जाडसर राख पडते. मागच्या कप्प्यांत पडते ती पिठासारखी मऊ, आणि तिला भाव चांगला.

इथून दोन वाटा फुटतात. हवेच्या दाबाने कोरडी राख पाइपातून सायलोत, म्हणजे उंच बंद कोठीत न्यायची आणि खाली उभ्या बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमध्ये भरायची, ही पहिली. पाण्यात कालवून पंपाने राखड बंधाऱ्यात ढकलायची, ही दुसरी. एक भाग राखेला दहा भाग पाणी धरलं, तर वरच्या संचाची सगळी राख ओल्या वाटेने नेण्यासाठी रोज ३ कोटी २० लाख लिटर पाणी फिरवावं लागतं. घट्ट कालवणाची, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त राख असलेली पद्धतही आहे. तिला पाणी खूपच कमी लागतं. मात्र पंप वेगळे लागतात आणि पाइप झिजतात.

परवानगीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण कोरड्या राखेला गिऱ्हाईक असतं आणि ओल्या राखेला जवळपास नसतं. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये वजनाने १५ ते ३५ टक्के राख चालते. पण ती आयएस ३८१२ या मानकात बसली पाहिजे आणि तिच्यात न जळलेला कोळसा फार नको. एकदा तळ्यात गेलेली राख जाड-बारीक मिसळलेली आणि ओली होते. तिचा उपयोग उरतो तो भरावाला.

केंद्र सरकारच्या राखेबद्दलच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार सायलोची क्षमता किमान सोळा तासांची राख मावेल इतकी हवी. वाचायला बरं वाटतं. पण पावसाळ्यात रस्त्यांची कामं थांबतात, विटांचे कारखाने मंदावतात, बल्कर रांगेत उभे राहतात. २,५०० टन उडती राख रोज उचलायची तर २५ टनांचे शंभर बल्कर लागतात. ते एक दिवस आले नाहीत, तर सोळा तासांनी सायलो भरतो आणि स्लरीचे, म्हणजे राख-पाण्याच्या कालवणाचे पंप सुरू होतात. संच बंद करून राख थांबवायची, असं सहसा कोणी करत नाही. म्हणजे बंधारा सर्वांत जास्त भरतो तो नेमका पावसात.

कोणता कागद कोणाचा

पहिला कागद पर्यावरण मंजुरीचा. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या अधिसूचनेखाली ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या कोळशावरच्या केंद्राला ती केंद्रीय मंत्रालयाकडून घ्यावी लागते. त्याआधीची जनसुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. सुनावणीची जाहिरात किमान तीस दिवस आधी निघावी लागते. बंधाऱ्याची जागा, अस्तर, पाण्याचा पुनर्वापर यांचं मूळ वचन या मंजुरीत असतं.

दुसरा कागद राज्याचा, आणि रोजच्या कामाला तोच महत्त्वाचा: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. सगळे त्याला कन्सेंटच म्हणतात. जल कायदा १९७४ चं कलम २५ आणि वायू कायदा १९८१ चं कलम २१ हे त्याचे आधार. बांधण्याआधी स्थापनेची संमती, चालवण्याआधी चालवण्याची संमती, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण. अर्जाची छाननी उपप्रादेशिक आणि प्रादेशिक कार्यालयात होते. मोठ्या केंद्रांचा निर्णय मुंबईत, शीवच्या मुख्यालयात समितीपुढे होतो. मंडळाने चार महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर जल कायद्याप्रमाणे संमती मिळाली असं धरलं जातं. आक्षेप असेल तर तो या चार महिन्यांत पोचायला हवा.

संमतीपत्रात घनकचऱ्याचा तक्ता असतो. त्यात राखेचं नाव, प्रमाण, आणि ‘विल्हेवाट’ असा रकाना. या रकान्यात नुसतं ‘अधिसूचनेप्रमाणे’ लिहिलं असेल, तर अट फारशी घातलीच नाही असं समजावं. चांगल्या संमतीपत्रात बंधाऱ्याचं नाव, क्षमता, पाणी परत आणण्याची व्यवस्था, भूजल तपासणीची ठिकाणं आणि प्रत्येक अपुऱ्या कामासाठी मुदतीसह बँक गॅरंटी असते. मुदत टळली की मंडळ ती गॅरंटी जप्त करू शकतं. प्रत्यक्षात हेच हत्यार जास्त वापरलं जातं. जल कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ केंद्र बंद करण्याचे निर्देश देऊ शकतं खरं, पण उन्हाळ्यात विजेची मागणी शिगेला असताना तशा आदेशावर सही करणं किती अवघड आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कोळशाची राख आपल्या कायद्यात ‘घातक कचरा’ नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तिला ‘प्रमाण मोठं, परिणाम कमी’ या गटात टाकून वगळलं आहे. त्यामुळे घातक कचऱ्याला लागणारी पावती-पद्धत आणि ठरावीक भराव-स्थळाची सक्ती राखेला लागत नाही. तक्रारीत ‘घातक कचरा टाकला’ असं लिहिलं की समोरचा अधिकारी एका ओळीत ती निकालात काढू शकतो. त्याऐवजी जल कायदा आणि राखेची अधिसूचना यांचं नाव घ्यावं.

महाराष्ट्राने २०१६ साली राखेच्या वापराचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. केंद्रांच्या आसपास राखेवर आधारित उद्योग उभे करायचे, राख बाहेर पाठवायची, असा त्याचा रोख होता. तो कागद उद्योगाचा आहे. बंधाऱ्याच्या सुरक्षिततेबद्दल काही हवं असेल तर तिथे शोधू नये.

शंभर टक्क्यांचा हिशोब

राखेची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. नंतर २००३, २००९ आणि २०१६ मध्ये ती बदलली, आणि शंभर टक्के वापराची तारीख पुढे जात राहिली. २०२१ ची नवी अधिसूचना वेगळी ठरते, कारण तिच्यात पहिल्यांदाच चुकवणाऱ्याला टनामागे किंमत लावली: न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाई.

मोजणी अशी चालते. दर वर्षी किमान ८० टक्के, आणि तीन वर्षांच्या चक्रात सरासरी १०० टक्के. पहिल्या वर्षी ८५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १०० टक्के केलं, तर तिसऱ्या वर्षी ११५ टक्के हवेत, म्हणजे तळ्यातली राखही उपसावी लागणार. ज्यांचा वापर आधी ६० ते ८० टक्के होता त्यांना पहिलं चक्र एक वर्षाने, आणि ६० टक्क्यांहून कमी होता त्यांना दोन वर्षांनी वाढवून मिळालं.

जुन्या साठ्याचं गणित निराळं. बंधाऱ्यात वर्षानुवर्षं साचलेली राख दहा वर्षांत संपवायची: पहिल्या वर्षी, केंद्राच्या स्थापित क्षमतेप्रमाणे वर्षाला जेवढी राख निघते तिच्या किमान २० टक्के, दुसऱ्या वर्षी ३५, आणि तिसऱ्यापासून ५० टक्के. वर्षाला दहा लाख टन राख काढणाऱ्या केंद्राने एवढंच केलं, तर दहा वर्षांत साडेपंचेचाळीस लाख टन उपसले जातील. बंधाऱ्यात त्याहून जास्त असेल तर वेग वाढवावा लागेल. यातून सुटका एकच: बंधारा स्थिर करून, माती टाकून, झाडं लावून बंद केला असेल आणि केंद्रीय व राज्य मंडळांनी मिळून तसं प्रमाणपत्र दिलं असेल, तर त्यातली राख उपसायची गरज नाही. हे प्रमाणपत्र बघायला मागावं. झाडं लावलेला प्रत्येक बंधारा ‘स्थिर’ नसतो.

‘वापर’ या शब्दाकडे मात्र नीट पाहायला हवं. सिमेंट, विटा, ठोकळे, तयार काँक्रीट, रस्त्याचा भराव हे वापर झालेच. पण खोलगट जमिनी भरणं आणि खाणीचे खड्डे बुजवणं हेही त्याच यादीत आहे. २०२१-२२ मध्ये देशात २७ कोटी टनांच्या आसपास राख निघाली आणि सुमारे ९६ टक्के वापरली गेली, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा अहवाल सांगतो. या ९६ मध्ये विटेत बसलेला टन आणि ओढ्याकाठच्या खड्ड्यात ओतलेला टन, दोघांचं वजन सारखंच.

केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्ते, पुलांचे भराव, धरणं बांधणाऱ्यांना राख वापरणं बंधनकारक आहे, मात्र केंद्राने ती जागेवर फुकट पोचवली तरच. वाहतुकीचा खर्च केंद्राचा. इथे दुखणं आहे. लांबच्या कामावर पोचवण्याचा खर्च टनामागे हजाराच्या पुढे गेला, की भरपाई भरून मोकळं होणं हिशोबात बसतं. त्यात नंतरच्या चक्रात राख वापरली, तर भरलेल्या रकमेतून काही कापून बाकीची परतही मिळते.

बंधाऱ्याची पाळ

आता खरा धोका. राखड बंधारा धरणासारखा दिसतो, पण धरणासारखा बांधलेला नसतो. आधी मातीची सुरुवातीची पाळ घालतात. तळं भरत आलं की तिच्यावर तीन ते पाच मीटरची दुसरी पाळ चढवतात, मग तिसरी. बहुतेक ठिकाणी ही नवी पाळ आतल्या बाजूला, आधीच साचलेल्या राखेवर उभी असते. म्हणजे वरच्या मजल्याचा पाया म्हणजे खालची राख. ती कोरडी आणि दबलेली असेल तोवर ठीक. पाण्याने पुरती भिजली तर तिची ताकद एकदम जाते, ओल्या वाळूवर उभं राहून पाय हलवला की खाली रुतावं तशी.

म्हणून बंधाऱ्यात पाणी कुठे उभं आहे, हे सर्वांत महत्त्वाचं. स्लरीचे पाइप पाळीच्या कडेने फिरवून तोंडं आळीपाळीने उघडायची असतात. जड राख पाळीजवळ बसते, उतार आत जातो आणि निवळलेलं पाणी पाळीपासून लांब, मध्यावरच्या विहिरीसारख्या मनोऱ्याशी गोळा होतं. तिथून ते पाइपाने बाहेर येऊन पुन्हा केंद्रात जातं. आळसाने एकाच तोंडातून महिनोन्‌महिने स्लरी सोडली, की उतार उलटा होतो आणि पाणी पाळीला टेकतं. बाहेरून पाहणाऱ्यालाही हे दिसतं: पाळीलगत कोरडा करडा पट्टा दिसतोय की निळसर पाणी?

पाण्याची पातळी आणि पाळीचा माथा यांत एक ते दीड मीटर मोकळी उंची ठेवतात, तिला फ्रीबोर्ड म्हणतात. ती पुरेशी आहे का? ५० हेक्टरच्या बंधाऱ्यावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी लिटर पाणी जमा होतं. ते सगळीकडे सारखं पसरलं तर पातळी वीस सेंटिमीटरने चढेल. पण पाणी साठायला जागा पाचव्या हिश्शाएवढीच असेल, बाकी राख वर आलेली असेल, तर तेच पाणी एक मीटर चढतं. त्यात स्लरी चालू. मनोऱ्याच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या फळ्या वेळेवर काढल्या नाहीत, किंवा खालचा पाइप राखेने चोंदला, तर रात्रीत पाणी माथ्यावरून वाहायला लागतं. माथ्यावरून गेलेलं पाणी राखेची पाळ काही तासांत कापून काढतं.

पाळीच्या पायथ्याशी पाझर असणं वाईट नाही. त्यासाठीच तिथे दगडांचा पायथा आणि वाळूची गाळणी ठेवतात. पाझराचं पाणी स्वच्छ आणि रोज साधारण तेवढंच असेल तर पाळ नीट काम करतेय. तेच गढूळ किंवा करडं यायला लागलं, तर पाण्याबरोबर पाळीची आतली राखही बाहेर येतेय, म्हणजे आत पोकळी तयार होतेय. उतारावर मध्येच ओला डाग, तिथे उगवलेलं हिरवं गवत, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग, ही पुढची लक्षणं. गढूळ पाझर दिसला की वाट बघायची नसते, त्याच दिवशी स्लरी थांबवून पाणी उतरवायचं असतं.

पाऊस नसतानाही पाळ फुटते. १० एप्रिल २०२० ला, ऐन उन्हाळ्यात, मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यात सासन प्रकल्पाचा राखेचा बंधारा फुटून सहा जण वाहून गेले. आपल्याकडे जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखड बंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांतून आणि नाल्यांतून कोलार नदीत उतरलं. कोलार पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हानवर नागपूरच्या पिण्याच्या पाण्याची योजना आहे.

२०२१ च्या अधिसूचनेत बंधाऱ्याची सुरक्षितता, प्रदूषण, शिल्लक जागा, पाण्याचा पुनर्वापर यांचं दर वर्षी प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे. तात्पुरत्या किंवा आणीबाणीच्या बंधाऱ्याला मेगावॅटमागे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त जागा नाही. ५०० मेगावॅटला ५० हेक्टर झाले. वर्षाची सगळी दहा लाख टन राख त्यात ओतली, तर तळ दर वर्षी दोन मीटरने वर येईल. ‘तात्पुरता’ बंधारा दर दोन वर्षांनी उंच होत असेल, तर तो तात्पुरता राहिलेला नाही.

फुकटची राखड

रस्त्याकडेच्या गावांत एक प्रस्ताव येतो: तुमची खोलगट जमीन, जुनी मुरमाची खदान फुकट भरून देतो. मालकाला सपाट प्लॉट मिळतो, कंत्राटदाराला फेऱ्यांचे पैसे, केंद्राला ‘वापर’ दाखवायला टन. सगळ्यांचा फायदा असल्यामुळेच इथे नियम सहज मोडतो.

नियम असा आहे: खोलगट जमीन राखेने भरायला राज्य मंडळाची आधी परवानगी लागते, आणि मंडळाने मंजूर जागा, क्षेत्र आणि किती राख टाकायची ते दर वर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकायचं असतं. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे ही परवानगी नव्हे. शेतमालकाचं संमतीपत्रही नव्हे. तेव्हा पहिला हायवा (राखेचा टिपर) आत येण्याआधी मंडळाचं पत्र पाहावं. त्यावर गट क्रमांक, क्षेत्र, राखेचं प्रमाण आणि मुदत आहे का? पत्रावरचा गट क्रमांक सातबाऱ्याशी जुळतो का? एका गटाच्या परवानगीवर शेजारचे दोन गट भरून टाकणं ही नेहमीची चलाखी आहे.

मग जमीन बघायची. खड्ड्यात पावसाळ्यानंतर किती दिवस पाणी राहतं? दिवाळीपर्यंत राहत असेल, तर भूजल तिथेच आहे, आणि राख कायम पाण्यात बसणार. राखेतला बोरॉन आणि सल्फेट पाण्यात लवकर सुटतात. आर्सेनिक, सेलेनियम, फ्लोराइड यांचं येणं राखेच्या जातीवर आणि पाण्याच्या सामूवर ठरतं. विदर्भात अनेक ठिकाणी फ्लोराइड मुळातच जास्त असतं, त्यामुळे राख टाकण्याआधीचा विहिरीचा अहवाल हातात नसेल, तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही. हा एक अहवाल मालकाने स्वतःच्या खर्चाने का होईना, करून ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, पाऱ्याची ०.००१, फ्लोराइडची १ आहे. यांच्याबरोबर बोरॉन, सल्फेट आणि एकूण विरघळलेले क्षार तपासायला सांगावे, कारण राखेचं पाणी विहिरीत पोचलं तर वर चढणारे हे पहिले आकडे.

भरण्याची पद्धतही ठरलेली आहे. थोडी ओली राख पातळ थरांत पसरायची, प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा, बाजूंना मातीचं आवरण ठेवायचं, आणि शेवटी वर मातीचा जाड थर. महामार्गाच्या भरावात राखेच्या दोन्ही बाजूंना एक ते तीन मीटर मातीचं आवरण असतं, ते वाऱ्या-पावसाने राख निसटू नये म्हणून. हायवा मागे घेऊन नुसती उपडी केलेली राख वरून सपाट दिसते, पण आत भुसभुशीत राहते. दोन पावसाळ्यांनी तिच्यावर घातलेलं कुंपण कलतं, घराला भेगा जातात.

वाहतुकीचंही थोडं. कोरडी राख बंद बल्करमधूनच जावी. तळ्यातली राख टिपरमधून नेताना ती ओलसर, फाळक्याच्या उंचीखाली भरलेली आणि ताडपत्रीने झाकलेली असावी. परळीतल्या राखेच्या उघड्या वाहतुकीची गेल्या काही वर्षांत राज्यभर चर्चा झाली. तिथला धुरळा हा बहुतेक या तीन साध्या गोष्टी न पाळल्याचा आहे.

अमेरिकेत उलट बाजूने

अमेरिकेत हा प्रश्न बंधाऱ्याच्या बाजूने सुरू झाला. २२ डिसेंबर २००८ ला टेनेसी राज्यात किंग्स्टनच्या केंद्राचा बंधारा फुटून ४० लाख घनमीटरहून जास्त राख वाहून गेली. त्यातून २०१५ चा केंद्रीय नियम आला. बंधाऱ्याचा तळ सर्वांत वरच्या भूजलाच्या किमान पाच फूट वर हवा, भोवतीच्या निरीक्षण विहिरींचे आकडे कंपनीने लोकांना दिसतील असे संकेतस्थळावर टाकायचे. पुढे २०१६ च्या कायद्याने राज्यांना स्वतःची परवाना पद्धत चालवायची मुभा मिळाली, पण अट अशी की ती केंद्र सरकारच्या नियमापेक्षा सैल नको. ओक्लाहोमाला २०१८ मध्ये पहिली मान्यता मिळाली. अलाबामाचा प्रस्ताव २०२४ मध्ये नाकारला गेला, कारण तिथले परवाने राख भूजलात बुडलेली ठेवूनच बंधारे बंद करू देत होते. आपल्याकडच्या राखेच्या अधिसूचनेत टनांची अट अमेरिकेपेक्षा कडक आहे. भूजलापासून अमुक फूट अंतर अशी स्पष्ट ओळ मात्र तिच्यात नाही.

कागद कुठे मिळतात, नमुना कोण घेतो

संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. पर्यावरण मंजुरी आणि तिचे सहामाही पालन अहवाल परिवेश या पोर्टलवर शोधावे. ते दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. राखेचा महिन्याचा हिशोब पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, वार्षिक अहवाल ३० एप्रिलपर्यंत, त्रयस्थ तपासणीचा अहवाल ३० नोव्हेंबरपर्यंत. माहिती अधिकारात ‘राखेबद्दल सर्व माहिती द्या’ असा अर्ज करू नये, तो परत येतो. अमुक वर्षाचा तपासणी अहवाल, बंधाऱ्याचं अमुक वर्षाचं प्रमाणपत्र, जप्त झालेल्या बँक गॅरंटींची यादी, आणि गेल्या तीन वर्षांतले जेव्हीएस नमुन्यांचे निकाल, असं नाव घेऊन मागावं. जेव्हीएस म्हणजे मंडळाने दक्षतेसाठी घेतलेले नमुने. मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला विचारताना हाच शब्द वापरला तर काम लवकर होतं.

ओढ्यात राखेचं पाणी दिसलं, तर फोटोबरोबर तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि पाणी कुठून कुठे वाहतंय हे लिहावं, आणि त्याच दिवशी उपप्रादेशिक कार्यालयाला कळवावं. घरच्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं, तर अहवाल मिळतो, पण न्यायालयात तो पुरावा म्हणून टिकायला अवघड. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अधिकृत नमुना मंडळाच्या माणसाने, नोटीस देऊन घ्यायचा असतो. त्याचे दोन भाग करून, सीलबंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्या लागतात. स्वतःचा नमुना घ्यायचाच असेल, तर धातूंसाठी वेगळी स्वच्छ प्लास्टिकची बाटली लागते, आणि तिच्यात प्रयोगशाळेनेच आधी नायट्रिक आम्ल घालून दिलेलं असावं. ते नसेल तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो.